पॅरलल लाइन

कपाटामागची धुळकट वायर लाइनमननं ओढून काढली. “काका, ही पॅरलल लाइन कशाला घेतली होती? नेटचा निम्मा स्पीड हीच खातेय.”

अण्णांनी पेपर पुढ्यात ओढला. माहेरपणाला आलेली लेक, चारू, वायरीच्या मागोमाग त्यांच्या खोलीत गेली. तिथं फडताळात, जुन्या स्वेटरांखाली, वायरीच्या टोकाला एक फोन होता. तिनं तो जन्मात पाहिला नव्हता.

“पळून जाऊन लग्न करायचं आमचं ठरलं होतं, ते तुम्ही इथून ऐकलंत?”

“बाप आहे गं मी. काळजी वाटायची.”

“आणि मला वाटलं, सुमेधानं चुगली केली. तिला एकटीलाच मी सांगितलं होतं.”

अण्णांना लख्ख आठवलं. लेकीची ती बालमैत्रीण याच दारात रडत शपथा घेत होती, चारू तिला चालती हो म्हणत होती, आणि ते स्वतः पेपरात डोकं खुपसून बसले होते.

लाइनमननं वायर छाटली. “आता बघा ताई, नेट कसं पळतंय! लावा कुणालाही व्हिडिओ कॉल.”

चारूनं मोबाइल उचलला आणि तशीच उभी राहिली. “बावीस वर्षं झाली, अण्णा. तिचा नंबरसुद्धा नाही माझ्याकडे.”