गिधाडाचा बडग्या

पहिली चप्पल गिधाडाच्या चोचीवर बसली तेव्हा आतल्या हेमराजला वाटलं, चुकून आली असेल. दुसरी डोळ्याच्या भोकातून थेट आत आली. चुकून येणाऱ्या चपला इतक्या नेमक्या नसतात.

पोळ्याचा दुसरा दिवस होता. या दिवशी नागपुरात गावाची इडापिडा घेऊन जाणारी मारबत नावाची भली मोठी पुतळी निघते आणि तिच्यामागं बडगे निघतात. त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचा पुतळा म्हणजे बडग्या. आधी त्याला जोडे, मग काडी. इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. पक्षी वाचवणाऱ्या संस्थेच्या सरांनी ऑफिसात बसून ठरवलं, एवढं पब्लिक फुकट कुठं मिळणार? आपलं गिधाड तिथंच फिरवा. जोड्यांचं आणि काडीचं सरांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना 'लोककला' एवढंच सांगितलं होतं.

गिधाड माणसापेक्षा उंच होतं. बांबू, फोम आणि गोणपाट. आत संस्थेचा हेमराज. चेन पाठीला, तीही बाहेरून. पुढं नंदिनी माइक घेऊन चालत होती. तिला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, आकडे सांगू नका, लोक झोपतात. माणसाची गोष्ट सांगा. म्हणून गिधाडाचं नाव प्रभाकर ठेवलं होतं.

"हा प्रभाकर," नंदिनी माइकवर म्हणाली. "आपण आजारी गुरांना दुखणं थांबवायचं औषध देतो. ते मेलेल्या गुराच्या मांसातून प्रभाकरच्या बायकोच्या पोटात गेलं. बायको गेली. लेकरं गेली. तरीही प्रभाकर तुमच्यासाठी खातो..."

"खाते हे तं आमालेबी माईत हाय वं!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. "कोनत्या पार्टीचा हाय थे सांग!"

हशा पिकला. तेवढ्यात अंकुश पुढं आला. त्याच्या मंडळाच्या बडग्याचं मुंडकं सकाळीच विजेच्या तारेत अडकून तुटलं होतं, आणि सगळं मंडळ काठ्या घेऊन रिकामं फिरत होतं. अंकुशनं गिधाडाला खालून वर पाहिलं. मग आपल्या मुंडकं नसलेल्या बडग्याची पाटी काढून गिधाडाच्या गळ्यात घातली. पाटीवर लिहिलं होतं, 'रस्ते खाऊन खड्डे सोडनारा'.

"फिट बसली बे!" मंडळ म्हणालं.

पहिली काठी पाठीत बसली. दुसरी बरगडीत.

"अबे, मी मानूस हाय!" हेमराज आतून ओरडला.

"इलेक्शनपर्यंत सारेच मानूस रायते," अंकुश म्हणाला.

"पन बोलून राह्यला ना बे हा! आतमधी स्पीकर बसोला काय?" दुसऱ्याला भलतंच कौतुक वाटलं. "मार पुन्हा, पाहू काय म्हन्ते."

पुन्हा मारलं. पुन्हा बोललं. असा बडग्या इतवारीनं पाहिला नव्हता. बापांनी लेकरं खांद्यावर घेतली. मागच्यांनी पुढच्यांना ढकललं. काठीगणिक गिधाड नवनवीन शिवी देत होतं आणि शिवीगणिक टाळ्या पडत होत्या.

नंदिनी अंकुशच्या काठीला लोंबकळली. संस्थेची मराठी तिच्या तोंडून गळून पडली. "अरे, आतमधी हेमराज हाय! मांगच्या मह्यन्यात लगन झालं त्याचं!"

गर्दी क्षणभर थांबली.

"आताच तं बायको मेली म्हने याची," एक म्हातारा बोलला. "मह्यन्याभरात दुसरी केली काय?"

आता बायकांनीही चपला काढल्या. नंदिनीचा माइक नालीत गेला.

चौकात आणून त्यांनी गिधाड आडवं पाडलं. चोच मोडली. त्याबरोबर आत हेमराजचा एक दात मोडला, तो त्यानं गिळला. एक हात खांद्यापासून हलेना. मग फोममधून काहीतरी गार झिरपत मांडीवर आलं. आधी त्याला बरं वाटलं. मग पेट्रोलचा वास आला.

आता हेमराजला शब्द सुचेनात. तो नुसता गुरासारखा हंबरला आणि असेल नसेल त्या जोरानं त्यानं लाथ मारली. गोणपाट फाटलं. एक पाय बाहेर आला. अनवाणी, नडगीपासून रक्तानं माखलेला.

समोरच्या ओट्यावर यमुताईचं भांड्यांचं दुकान होतं. तिनं हातातली परात फेकून मारली.

"थांबा रे मुडद्यांनो! बडग्याले रगत येते काय?"

अंकुशच्या हातात काडी पेटलेली होती. तो त्या पायाकडं पाहत राहिला. बोट भाजल्यावर त्यानं काडी फुंकली.

चेन जाम झाली होती. यमुताईनं पत्रा कापायची कात्री आणून गिधाडाची पाठ उभी फाडली. हेमराज बाहेर आला तेव्हा त्याचा एक डोळा बंद होता आणि हात भलत्याच बाजूला लटकत होता.

"माफ कर गा भाऊ," अंकुश हात जोडून म्हणाला. "पन पह्यलेच सांगाचं नाही काय?"

पेट्रोलनं भिजलेल्या हेमराजला उचलून त्यांनी लांब यमुताईच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. कोणी पाणी आणलं, कोणी ऑटो बोलवायला धावलं. कोणी म्हणालं, पेट्रोल ओतलंच हाय तं वाया काहून घालवाचं?

गिधाड भडकन पेटलं. "घेऊन जा गे मारबत!" चौक गरजला. आगीच्या झोतानं फाटके पंख हळूहळू वर उचलले गेले, पार पसरले, आणि क्षणभर ते एवढं मोठं पाखरू खरंच जमिनीवरून सुटल्यासारखं दिसलं. लोकांनी हात जोडले.

घाम पुसत अंकुश ओट्याशी नंदिनीजवळ येऊन उभा राहिला.

"ताई, माह्या आज्याच्या गावाले लय दिसे हे पाखरं," तो आगीकडं पाहत म्हणाला. "आता काहून नाही दिसत वं?"

नंदिनीनं तोंड उघडलं.

हेमराज रक्त थुंकला.

"मले इचार," तो म्हणाला.