रत्नम्माच्या पणजोबांची तसबीर

अश्वजित सरांनी भिंग तसबिरीतल्या म्हाताऱ्याच्या कपाळावर धरलं आणि श्वास रोखला. वीरेशनेही रोखला.

कपाळावरचा रंग झिजला होता. इभूतीची तीन बोटं जिथून रोज फिरतात, नेमका तिथेच.

"हं," सर म्हणाले.

हा 'हं' साधा नव्हता. नांदेडचे अश्वजित सर म्हणजे जुन्या चित्रांचं शेवटचं कोर्ट. संग्रहालयातून निवृत्त झाले, तरी त्यांच्या शब्दाशिवाय इकडचं एकही जुनं चित्र विकलं जात नसे. एकदा तर त्यांनी नुसत्या वासावरून नकली चित्र पकडलं म्हणतात. चित्र पेटीत होतं, पेटी टेम्पोत होती आणि टेम्पो अजून कंधारलाच पंक्चर होऊन पडला होता.

वीरेशची दोन चित्रं त्यांनी आधी परत पाठवली होती. लातुरात फ्लेक्स आले आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचं त्याचं काम गेलं, तेव्हापासून तो निजामाच्या काळातली चित्रं काढत होता. फळी जुन्या दरवाजाची, काजळी चुलीची, किडीची भोकं तापलेल्या सुईची. सर दोन्ही वेळा एकच म्हणाले होते, "लाकूड जुनं आहे, रंगही जुना दिसतो. पण याच्यापुढे कधी कुणी हात जोडलेले नाहीत." ही चित्रं खपवणाऱ्या देगलूरच्या माणिकप्पाने मग बजावलं होतं, "आता तिसऱ्यांदा सापडलास तर पोलिसांत नाव जाईल. तुझं. आन् मीच देईन."

म्हणून तिसऱ्या चित्राला वीरेशने हात जोडणारं माणूसच दिलं. स्वतःची आई.

पांढऱ्या दाढीचा, रुमाल बांधलेला एक म्हातारा त्याने रंगवला. चेहरा कुठल्या फोटोवरून घेतला नाही. फोटो सापडला की चोरी सापडते. डोळे मिटले आणि मनात आला तो चेहरा फळीवर उतरवला. मग तसबीर घरी आणून सांगितलं, "अव्वा, हे तुझ्या माहेरचे पणजोबा. उदगीरला तुमच्या भावकीतल्या एका माळ्यावर पडून हुते."

रत्नम्माने चित्र बराच वेळ पाहिलं. "भिंतीला लाव," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून लिंगपूजा झाली की तिची तीन बोटं आधी स्वतःच्या कपाळावर फिरत, मग म्हाताऱ्याच्या. समईचा धूर, तिचा श्वास, तिचं पुटपुटणं, सगळं त्या रंगावर बसत गेलं. दोन वर्षांत तसबीर शंभर वर्षांनी म्हातारी झाली. वीरेश ते बघून मनात खूश व्हायचा आणि आईच्या नजरेला नजर देणं टाळायचा.

"माणसांत राहिलंय हे," सर आता हळू आवाजात म्हणाले. वीरेशने चहा पुढे केला. कप घेतानाही त्यांचे डोळे चित्रावरून हलले नाहीत. भिंग कपाळावरून चौकटीवर सरकलं आणि थांबलं.

"पण हार?"

"काय, सर?"

"गेलेल्या माणसाची तसबीर. रोज इभूत लावता. मग चौकटीला दोऱ्याचा वळ कसा नाही? फुलांच्या पाण्याचा डाग नाही. इतक्या वर्षांत यांना एक हार मिळाला नाही?"

वीरेशने चौकटीकडे पाहिलं. किडीचं भोक न् भोक त्याने विचार करून पाडलं होतं. हार त्याच्या डोक्यातच आला नव्हता. आणि आईने तो का घातला नाही, हेही त्याला कधी सुचलं नव्हतं.

"फुलं सोसत नव्हती त्यायला," स्वयंपाकघराच्या दारातून रत्नम्मा म्हणाली. "झेंडू दिसला की शिंका. लग्नात हार पडला गळ्यात, तर अक्षता संपूस्तोर शिंकूनच राहिले हुते. नवरी म्हणली, आदी याला दवाखान्यात न्या, मग माझं बघा. तवापासून आमच्यात त्यायला कुणी फूल दाखवलं न्हाई, साहेब."

सर खळखळून हसले. "आजी, असलं कुणाला बनवून सांगता येत नाही." भिंग खिशात गेलं. "अस्सल आहे, वीरेश. माणिकप्पाला मी कळवतो. थांब, गाडीतून गोधडी आणतो, गुंडाळून नेऊ."

ते बाहेर गेले. वीरेश आईकडे वळला. नसलेल्या माणसाच्या शिंका तिने रचून सांगितल्या होत्या.

"अव्वा, तुला कधी कळलं?"

"काय?"

"हे पणजोबा न्हाईत म्हणून."

"आणलास त्याच घडीला."

"मग रोज इभूत कुणाला लावून राहिलीस?"

रत्नम्मा तसबिरीपाशी गेली. म्हाताऱ्याच्या गालावरून तिने बोटं फिरवली, आणि तशीच मग वीरेशच्या गालावरून.

"पांढरी दाढी डकवली म्हणून आईला लेकाचं तोंड वळखू येत न्हाई व्हय? तू म्हातारा झाल्यावर कसा दिसशील, ते मला कुठं बघायला मिळणार हुतं? रोज म्हणायची, देवा, एवढा पिकू दे याला."

दारात सर गोधडी घेऊन उभे होते. तिने आवाज खाली आणला.

"आन् जित्या माणसाला हार घालतेत व्हय रे, येड्या?"