सातवी पूर्ण

काजलचं एकच गणित रोज चुकत होतं आणि नेमकं ते शेवटचंच. वडिवळ्याच्या शाळेत टॅब आल्यापासून सातवीची पोरं खेळल्यासारखी गणितं सोडवत होती. सगळी सुटली की पडद्यावर ‘सातवी पूर्ण’ लिहिलेलं पदक यायचं. काजललाच ते मिळेना. निर्मलाबाईंना काही उमगेना. तेच गणित ती फळ्यावर चुटकीसरशी सोडवायची. आज बाई तिच्याशेजारीच बसल्या. पोरीने बरोबर उत्तरावर नेलेलं बोट मुद्दाम खाली सरकवलं. “अगं, येतंय ना तुला?” काजल पुटपुटली, “बाई, आय रोज इचारती, पदक आलं का? आलं की शाळा संपली, म्हणती. मंग खंडाळ्याला बंगल्यावर भांडी घासायला.” बाईंनी पडद्याकडे पाहिलं. पदकाचं कौतुक पालकसभेत त्यांनीच केलं होतं. टॅबने पुन्हा तेच गणित घातलं. बाईंनी काजलचं बोट धरलं आणि चुकीच्या उत्तरावर टेकवलं.