चोवीस फरश्या

"पुन्हा नऊच!" मॅडमनी कपाळाला हात लावला.

फरशीवाले काका खडू धरून रात्रशाळेच्या फळ्यासमोर उभे होते. क्ष वर्ग वजा चार क्ष अधिक पाच. यात क्षच्या जागी 'क्ष अधिक तीन' ठेवून सोपं रूप द्यायचं होतं. काकांनी त्या कंसाचा वर्ग केला होता: क्ष वर्ग अधिक नऊ. गेल्या आठवड्यात हीच चूक, त्याच्या आधीच्या आठवड्यातही हीच. दहावीच्या फॉर्मवर सही मिळायचा आज शेवटचा दिवस, आणि हे गणित सुटल्याशिवाय मॅडम सही करणार नव्हत्या. बायकोने तर डबा देताना बजावलंच होतं, "सही आणा, नाहीतर गणिताचं नाव पुन्हा या घरात काढू नका."

पहिल्या बाकावरची नर्स रुमालाआड हसली. तिला सगळी सूत्रं तोंडपाठ होती. पन्नाशीच्या काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मान खाली गेली आणि नजर फरशीवर पडली. तिथे ती सहसा चुकत नसे.

"मॅडम, चार बाय चार फरश्यांची खोली. लांबीला तीन वाढवायच्या, रुंदीला तीन."

"बरं, मग?"

काका खालीच बसले. खडूने चारचा चौकोन आखला, मग तोच दोन बाजूंनी वाढवून सातचा केला. नवा कोपरा मोजला, नऊ फरश्या. आणि ते थबकले. कोपऱ्याच्या दोन्ही अंगांना दोन लांब पट्ट्या तशाच उघड्या होत्या.

"अरे गाढवा!" ते स्वतःवरच ओरडले. "नुसता कोपरा भरून घरी चाललास? या चोवीस फरश्या काय तुझा बाप बसवणार?"

वर्गात हशा पिकला. त्यात काकांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. ताडकन उठून ते फळ्याशी गेले. तीन क्षच्या दोन पट्ट्या, म्हणजे सहा क्ष. ते त्यांनी मधे बसवले. मग वजा चार क्ष, वजा बारा, अधिक पाच. खाली ठसठशीत उत्तर उतरलं: क्ष वर्ग अधिक दोन क्ष अधिक दोन.

मॅडमनी सही केली. फॉर्म हातात घेताना काकांचा आनंद गगनात मावत नव्हता.

ते दाराशी पोचले तेवढ्यात मागून नर्सने हाक मारली. ती खडूच्या चौकोनाशी उकिडवी बसून बोटाने फरश्या मोजत होती.

"काका, कंसात वजा तीन असेल तर?"

काका परत फिरले. फॉर्मची घडी खिशात ठेवून ते तिच्या शेजारी बसले.

"सोपं आहे, पोरी. आता उखडायच्या."