लायसन्सची तपासणी

लायसन्स मिळाल्याशिवाय ह्यांना बॉक्सिंगच्या रिंगमध्ये उतरता येणार नव्हतं. मागच्या लढतीत डोक्याला मार बसला होता, म्हणून डॉक्टरांची तपासणी सक्तीची होती. डॉक्टर दर वेळी तेच शब्द लक्षात ठेवायला सांगतात, हे कोचनं सांगितलेलं. बाळाला पाजता पाजता मी ते ह्यांच्याकडून घोटून घेतले.

"केळी, खिडकी, गालिचा, लिंबू," हे डॉक्टरांसमोर धडाधड बोलले.

"एकदम फिट!" म्हणत त्यांनी लायसन्सवर सही केली.

घरी येताना रिक्षा आमच्या सिंधीपुऱ्याकडे वळली, तसे हे ओरडले, "अरे भैया, इधर कहाँ? हिमानी, तपासणीला जायचं हाये ना आपल्याला?"

मी लायसन्स हळूच बाळाच्या दुपट्यात सारलं.

"जाऊन आलो ना," मी म्हटलं. "नापास केलं तुम्हाला."