काटा नसलेली शमी

शनिवारी सकाळी वृषाली पडवीत आली आणि जागच्या जागी थबकली. शमीच्या कुंडीत एक पान चपटं झालं होतं. विळ्यासारखं वाकडं, गुळगुळीत, शमीला जन्मात येणार नाही असलं. आणि सासू, कुशाबाई, दिव्यासाठी आत तेलाची बाटली शोधत होत्या.

झालं! इतक्या महिन्यांचं सोंग आता उघडं पडणार.

शमी नव्हतीच ती. ऑस्ट्रेलियन बाभूळ होती. वृषाली घरामागच्या शेडनेटमध्ये बोन्सायसाठी तिकडची झाडं वाढवायची. सुरू, बॉटलब्रश आणि ही बाभूळ. हिचं रोप लहानपणी बारीक पिसासारख्या पानांचं, थेट शमीच वाटावं असं. मोठं होताना पिसं गळतात, देठच रुंदावतो आणि पान होऊन बसतो.

नवऱ्याला, गोरखला, आळेफाट्यावर ट्रकनं उडवलं, पायात सळई घालावी लागली, तेव्हा कुशाबाईंनी अन्नच सोडलं होतं. मग एक दिवस त्यांनी शेडमधली ही कुंडी उचलून पडवीत आणली. "घरात शमी हाय आन् बोलली न्हाईस व्हय?" शनिवार होता. त्यांनी शनिदेवाच्या नावानं कुंडीपुढं दिवा लावला आणि त्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली. त्या अर्ध्या भाकरीपुढं वृषालीची जीभ काही रेटली नाही.

तेव्हापासून दर शुक्रवारी, सासू गाईची धार काढायला गेल्या की वृषाली चपटी पानं खुडायची. शेंडा छाटला की खालून पुन्हा कोवळी पिसं फुटायची. काल मात्र गोरखला नारायणगावला डॉक्टरकडं न्यावं लागलं. सोमवारपासून काठी सोडून चालून बघा, डॉक्टर म्हणाले. आणि नेमकं आजच हे!

तिनं धावत जाऊन कात्री आणली, पान चिमटीत धरलं.

"राहू दे."

मागं कुशाबाई उभ्या होत्या, हातात बाटली.

"आत्या, जरा किडल्यासारखं झालंय म्हणून…"

"काल सवड गावली न्हाई व्हय तुला?"

वृषालीची कानशिलं तापली. कात्री कुठं ठेवावी तेही तिला सुचेना.

"शमीला काटा आसतो, पोरी. माझ्या म्हायेरी, आणे गावच्या माळावर, शेरडं वळताना पायात मोडायचा. हिला कुठाय? मला पयल्याच म्हयन्यात कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठं बोललीस?" कुशाबाई खाली बसल्या. "मी दिवा लावायची, तू पानं खुडायचीस. दोघींचं चाललं व्हतं एकाच माणसासाठी. मोडायचं कशाला, म्हन्लं."

वृषालीला रडूच फुटलं. तिनं पदरानं तोंड दाबलं, तरी हुंदका आत पोचला.

"काय झालं गं?" खाटेवरून गोरखनं विचारलं.

"काय न्हाई! तू पाय हालीव तुझा!" कुशाबाई तिथूनच खेकसल्या. मग सुनेच्या हातातली कात्री काढून घेत म्हणाल्या, "आता नगं कापू. वाढू दे कशी वाढायची तशी. नाव काय गं हिचं?"

"ऑस्ट्रेलियन बाभूळ."

कुशाबाईंनी ते नाव दोनदा तोंडात घोळवलं. जमलं नाही. त्यांनी पणतीत तेल ओतलं, वात पेटवली आणि हात जोडले.

"लई लांबनं आलीस गं बाई," त्या झाडाला म्हणाल्या. "सोमवारी तेवढा माझा लेक चालू दे."