उत्तराकडे बघू नका

सरांनी फळ्यावर '३क्ष − ५ = १६' लिहिलं आणि खडू खाली ठेवायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर आलं.

बरोबर होतं. सरांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

त्या बाकावरच्या मुलीला वर्ग ढिम्मी म्हणत असे, कारण आभाळ कोसळलं तरी तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. पुढ्यात कागद नाही, हातात पेन्सिल नाही, उत्तर मात्र हजर. बाकीची पोरं माना खाली घालून खुदखुदली. लेकांच्या पोटात दुखतंय, सर मनाशी म्हणाले.

सरांना पुस्तक लागत नसे. ते गणित जागच्या जागी, उलटं विणत. मनात येईल ती पहिली संख्या धरायची, तिला तिप्पट करायची, पाच काढून घ्यायचे, झालं समीकरण. "हे गाठोडं आहे गाठोडं," ते ओरडून सांगत. "शेवटी मारलेली गाठ आधी सोडायची. आणि उत्तराकडे बघू नका रे, पायऱ्यांकडे बघा!"

ढिम्मीला मात्र पायऱ्या माफ होत्या. ज्याला पंख आहेत त्याने जिना कशाला चढायचा?

"हात जोडावेत असं डोकं आहे," रात्री जेवताना ते बायकोला म्हणाले. "माझ्या मनातली संख्या उचलून घेते गं!"

"विज्ञानाच्या बाई तर सांगत होत्या, तिला साधा भागाकार येत नाही."

"गरुडाला तरी कुठे धड चालता येतं?"

बायकोने त्यांच्या पानात भात वाढला.

त्याच आठवड्यात शाळेच्या अध्यक्षांनी सरांना बोलावून घेतलं. वर्गात पडदा लावायचा बेत होता. धडे एकदाच चित्रित करायचे, की जन्माची ददात मिटली.

"पडदा रजा मागत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"शंकाही विचारू देत नाही," सर म्हणाले आणि खोकले.

"खोकतही नाही. हे बघा, अन्याय नको. विद्यापीठातले प्राध्यापक येतायत. तुमचा कुठलाही एक विद्यार्थी उभा करा. समीकरण सुटलं तर तुम्ही, नाहीतर पडदा."

"कुठलाही एक?" सर उठलेच. "मग पडद्याला आत्ताच नको म्हणून कळवा."

ठरल्या दिवशी प्राध्यापक आले ते थेट सरांपाशी. "ओळखलंत का सर? तिसरा बाक, खिडकीजवळ."

"अरे, तू! उणे चिन्ह गिळणारा!"

"ओळखीपाळखी नंतर," अध्यक्ष म्हणाले. "सर, तुम्ही बाजूला बसा. गणित प्राध्यापकच घालतील."

वर्गाचे चेहरे खाडकन उतरले. ढिम्मीच्या कपाळावर घाम आला. असं आजवर कधी झालं नव्हतं.

प्राध्यापकांनी खडू उचलला. एकदा सरांकडे पाहिलं, एकदा घाबरलेल्या वर्गाकडे, जरा थांबले, मग लिहिलं: '५(क्ष − ३) − २(क्ष − ४) = १४.'

दोन-दोन कंस, त्यात उण्यापुढे उणे. ढिम्मी उभी राहिली. फळ्याकडे बघत राहिली. खिडकीबाहेर सायकलची घंटी वाजली तीही सगळ्यांना ऐकू आली.

मग तिने डोळे मिटून उत्तर सांगितलं.

प्राध्यापकांनी खडू खाली ठेवला. "बरोबर," ते अखेर म्हणाले. "अध्यक्षमहाराज, असा शिक्षक पडद्यावर मावायचा नाही."

वर्गाने बाकं बडवून छप्पर डोक्यावर घेतलं. एका पोरीने तर रडायलाच सुरुवात केली. अध्यक्षांनी आ वासला. त्यांना समीकरणातलं ओ की ठो कळलं नव्हतं, पण चमत्कार कळला. सरांनी चष्मा काढून पुसला, तरी समोरचं धूसरच दिसत होतं. ही बुद्धी आपल्या फळ्यासमोर उमलली, आणखी काय हवं माणसाला?

जाताना प्राध्यापक मागच्या बाकापाशी थांबले आणि ढिम्मीच्या कानाशी वाकले. आशीर्वाद देत असणार, असं समजून सरांनी लांबूनच हात जोडले.

"आमच्या वेळीही सरांचा क्ष सातच असायचा," प्राध्यापक कुजबुजले.